होता होता राहिलेल्याची वही

गावंडे काका कुठल्याही बाकावर थेट बसत नसत. आधी एका हातानं बाक हलवून बघायचे, मग वाकून त्याचे पाय बघायचे आणि मग "हं" म्हणून बसायचे. लग्नाच्या मांडवात शिरले की नवरा-नवरीच्या आधी आचाऱ्याला भेटायचे आणि शेगडीची नळी कधी बदलली ते विचारायचे. भोपाळमधल्या आमच्या शाहपुऱ्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आई म्हणाली, "या, बसा." हे मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून दोनदा वास घेऊन म्हणाले, "वहिनी, काम झालं की सिलिंडरचं बटण बंद करता ना?" आई पुढं आठवडाभर त्यांच्याबद्दल बोलत होती, आणि चांगलं बोलत नव्हती.

तीस-एक वर्षं हा माणूस कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. मूळचे अकोल्याकडचे, नोकरीपायी भोपाळला आले आणि निवृत्त झाल्यावर तिथल्याच सोनागिरी वस्तीत घर घेऊन राहिले. काकू म्हणायच्या, "अख्ख्या गावाची काळजी यांना. आमच्या बाथरूमचं बटण मात्र दिवाळीपासून लोंबतंय." ते खरंच लोंबत होतं, मी पाहिलंय.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या एका फसलेल्या भाषणात. मी मानसशास्त्र शिकलेली, एका लहानशा संस्थेत नोकरी. सोनागिरीच्या मराठी मंडळींनी मला 'ताणतणाव' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. मी अर्धा तास बोलले. शेवटी "कोणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर एक उंच, वाळका, खिशाला पेन्सिल लावलेला माणूस उठला आणि म्हणाला, "मागच्या दारापुढं खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. काही झालं तर इतके लोक एका दारानं निघतील का?" सगळे हसले. मी सोडून. मला राग आला होता. पण चहाच्या वेळी तेच गृहस्थ एकटेच खुर्च्या हलवत होते, तेव्हा मीही दोन उचलल्या. "काय करता तुम्ही, पोरी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दर मंगळवारी तुरुंगात जाते, कैद्यांचा एक गट घेते. ते खुर्ची हातात धरून तसेच उभे राहिले. "बोलतात का ते?" म्हणाले. मी खरं ते सांगितलं, की नाही बोलत.

तुरुंगाचं नाव मी लिहीत नाही. भोपाळहून जीपनं दीड तास लागतो, एवढं पुरे. तिथल्या शाळेच्या खोलीत माझे बारा-तेरा पुरुष दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसायचे. सगळे शिक्षा भोगणारे, आणि लहानपणी कोणा ना कोणाच्या हातून फार सोसलेले. ते कशासाठी आत आले हे आम्ही विचारत नव्हतो. त्यांच्यावर आधी काय गुदरलं त्याच्याशी आमचं काम होतं. माझ्याकडे त्यासाठी छापील पर्चे होते. 'पिछले पंद्रह दिनों में आपको कितनी बार घबराहट हुई?' खाली चार चौकोन. सगळेजण न चुकता 'कभी नहीं'वर खूण करायचे. रफीक चाचा म्हणून एक म्हातारे भोपाळी कैदी होते, त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन समजावलं, "मैडम, क़ैदी आदमी पहले ये देखता है कि दस्तख़त कहाँ करना है. सवाल बाद में पढ़ता है."

काकांना मी नेलं ते दऱ्या उचलायला मदत म्हणून, असं परवानगीच्या अर्जात लिहिलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी खोलीतल्या पंख्याचा हुक बघितला, खिडकीचे गज हलवले (शिपाई दचकला), बूट काढले आणि कैद्यांच्या गोलात जाऊन बसले. माझा पर्चा वाटून व्हायच्या आत म्हणाले, "आज सुबह मैं मरते-मरते बचा." सगळ्यांनी माना वर केल्या. "नहाते वक़्त साबुन पे पाँव पड़ा. पूरा गया था. पर मिसेस ने दरवाज़े पे तौलिया टाँगा था, वो हाथ में आ गया. तौलिया फटा, मैं बच गया. अब तौलिये का जवाब घर जाकर देना है."

कोणीतरी फिसकन हसलं. मग काकांनी कारखान्यातली पद्धत सांगितली. पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळे कामगार गोल करून उभे राहतात. काल काय होता होता राहिलं ते ज्याचं त्यानं सांगायचं. हातोडा पडला पण पायावर नाही, दोर तुटला पण खाली कोणी नव्हतं. "कोणाची चूक" हा प्रश्न तिथं विचारायचा नसतो. एकच प्रश्न विचारायचा, की कशामुळे राहिलं? "झालेल्याची चौकशी सगळेच करतात," ते म्हणायचे. "राहिलेल्याची कोणी करत नाही. खरं शहाणपण तिथं असतं."

दुसऱ्या मंगळवारी एकानं सांगितलं की डाळीच्या रांगेत त्याचा हात उठला होता. "उठा, पर चला नहीं." काकांनी पुढं सरकून विचारलं, "किस बात ने रोका?" तो माणूस विचारात पडला. हात का उठला हे त्याला आजवर पोलिसांनी, वकिलांनी, जजनं विचारलं होतं. का थांबला हे कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "कटोरी हाथ में थी. दाल गिर जाती." काकांनी ते एवढ्या गंभीरपणे लिहून घेतलं की मला हसू आवरेना. पण त्या दिवसानंतर माझे पर्चे पिशवीतच राहिले. आमच्या बैठकीला बराकीत 'बाल-बाल', म्हणजे थोडक्यात वाचलेल्यांची, असं नाव पडलं. 'आज बाल-बाल है क्या?' असं शिपाईसुद्धा विचारायचे. जी माणसं झालेल्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, ती राहिलेल्याबद्दल बोलू लागली, आणि राहिलेल्याचा धागा धरून कधीतरी मागच्या झालेल्यापर्यंत जाऊ लागली. हे चार वर्षं कॉलेजात शिकून मला जमलं नव्हतं. मला थोडं लागलं, हे कबूल करते.

वही काकांचीच. कारखान्यात असायची तशीच, पट्टीनं रकाने आखलेली: तारीख, वेळ, जागा, काय होता होता राहिलं, कशामुळे राहिलं. नावाचा रकाना नव्हता. "नाव लिहिलं की माणूस खोटं बोलतो," ते म्हणायचे. आत-बाहेर जाताना गेटवर प्रत्येक कागद तपासला जायचा, वहीही. काका ती मोठ्या अभिमानानं शिपायाच्या हातात द्यायचे.

आता लखनबद्दल. तिशीतला, रुंद खांद्यांचा, बेरसियाच्या पलीकडच्या एका खेड्यातला. सात महिने तो दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसला आणि एक शब्द बोलला नाही. काका त्याला कधी आग्रह करत नसत. फक्त गोल पुरा झाला की त्याच्याकडे बघायचे, तो मान हलवायचा, काका "अच्छा" म्हणायचे. सात महिने हे चाललं.

मग एका मंगळवारी लखन बोलला. जमिनीकडे बघत, एका दमात. बराकीतल्या एकानं गंमत म्हणून गमछ्यानं त्याचे हात मागं बांधले होते. सगळे हसले, मग सोडले. "बचपन में मेरा सगा चाचा भी ऐसे ही बाँधता था. कुएँ के खंभे से. फिर मारता था." दोन दिवस त्यानं नळाजवळच्या दगडावर पत्र्याचा एक तुकडा घासून घासून धार लावली. तिसऱ्या दिवशी तो माणूस अंघोळीला आला, पाठमोरा होता, आणि तुकडा लखनच्या मुठीत होता.

काकांनी अगदी हळू विचारलं, "किस बात ने रोका?"

"नल चल रहा था, साब. बाल्टी भर गई थी, पानी बहने लगा. मैंने नल बंद किया. बंद करके देखा तो... ग़ुस्सा उतना नहीं था." त्यानं तो तुकडा गटारात टाकला होता.

काकांनी लिहिलं. परतताना जीपमध्ये ते मला तीनदा म्हणाले, "नळ बंद केला त्यानं. बघ ना पोरी, नळ बंद केला." इतका आनंदी माणूस मी क्वचितच पाहिला असेल.

पुढच्या मंगळवारी लखन नव्हता. रफीक चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "अलग कोठरी में है. आपकी कॉपी पढ़ी गई." वहीत नाव नव्हतं. पण जागेच्या रकान्यात, तीस वर्षांच्या सवयीनं, काकांनी नीट लिहिलं होतं: बराक चार, मागचा नळ. कारखान्यात जागा लिहिल्याशिवाय नोंदीला अर्थ नसतो. जागा कळली तर ती दुरुस्त करता येते. तुरुंगात त्या वेळी त्या नळावर पाणी भरायचं काम एकाच माणसाकडे होतं. तिथं जागा म्हणजेच नाव, हे तिथल्या कोणालाही कळलं असतं. आम्हा दोघा शिकलेल्यांना कळलं नाही.

आम्ही जेलरसाहेबांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मैडम, हथियार की बात मेरे सामने लिखी हुई आए और मैं कुछ न करूँ? कल सचमुच चल जाए तो?" लखनला पंधरा दिवस वेगळं ठेवलं होतं आणि महिनाभराची भेट बंद केली होती. त्याच आठवड्यात त्याची आई भेटायला येऊन गेटवरून परत गेली होती. ती वर्षातून दोनदाच येऊ शकायची. मग काका पुढं झाले. ते म्हणाले, "ग़लती मेरी है, सज़ा उसको क्यों?" जेलरसाहेबांनी दोन्ही हात पसरले.

त्या आठवड्यात काका मला न सांगता, दोन बसा बदलून, बेरसियाच्या पलीकडच्या त्या खेड्यात गेले. हे मला त्यांनी पुढं महिन्याभरानं सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांत. लखनची आई अंगणात ज्वारी पाखडत होती. हे उभ्यानंच म्हणाले, "माँजी, आपके बेटे की मुलाक़ात मेरी वजह से बंद हुई. उसने भरोसे से एक बात बोली, मैंने ग़लत ढंग से लिखी." काकांना वाटलं होतं ती शिव्या देईल. त्याची त्यांनी तयारी करून ठेवली होती. पण तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "वो बोला?"

"हाँ."

"अपने मुँह से बोला?"

"हाँ, माँजी."

"मुझसे तो कभी नहीं बोला," ती म्हणाली. मग म्हणाली, "क्या बोला?"

काका म्हणाले, "वो वही बताएगा." त्यावर ती तोंडाला पदर लावून रडली. लखनला ज्या खांबाला बांधत, ती विहीर त्यांच्याच अंगणात होती. काकांना ती दिसत होती. "मी काय बोलणार होतो बाप्पा," काका मला म्हणाले, "पाणी पिऊन आलो."

लखन परत आला तो पुन्हा दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसला. या वेळी तो एकटा गप्प नव्हता, सगळाच गोल गप्प होता. काकांनी सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली, वहीतलं ते पान फाडलं, पुढं वही आणणंच बंद केलं. काही उपयोग झाला नाही. पाच मंगळवार आम्ही दीड तास जाऊन एक तास शांत बसून दीड तास परत आलो. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, आता हा गट संपला. मान्य करू या." ते म्हणाले, "ते येतात ना? ज्याला यायचं नाही तो येत नाही." पण सोनागिरीच्या वळणावर उतरताना ते दाराला धरून म्हणाले, "तो परत कधीच नाही बोलला, तर ते माझ्या खाती."

सहाव्या मंगळवारी लखननं तोंड उघडलं. त्यानं काकांना प्रश्न विचारला. "आपका पन्ना कहाँ है, साब?"

काकांना कळेना. "मेरा? मैं तो सुनाता हूँ. साबुन वाला, बस वाला..."

"वो नहीं," लखन म्हणाला.

काकांनी खिशातली पेन्सिल काढून दरीवर ठेवली. मग त्यांनी सुरुवात केली आणि फार वाईट सांगितलं. मध्येच प्रेस मशीन किती टनाची ते सांगत बसले, मग हात आत जाऊ नये म्हणून तिच्यापुढं जाळी कशी बसवतात ते. भोपाळला यायच्या आधीची, विदर्भातल्या एका लहान कारखान्यातली गोष्ट होती. वासुदेव नावाच्या कामगारानं एका संध्याकाळी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली: मशीनची जाळी ढिली आहे, आज हात वाचला. मशीन बंद ठेवली तर दुसऱ्या दिवशीचा माल निघाला नसता. काकांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. सकाळी बघू, म्हणाले. सकाळी ते पोचायच्या आत वासुदेवाची चार बोटं गेली. चौकशीत काकांना विचारलं, आधी काही तक्रार आली होती का? ते म्हणाले, नाही. वासुदेवावर निष्काळजीपणाचा ठपका बसला. चिठ्ठी तोवर खिशातच होती.

"वो बचा नहीं," काका म्हणाले. "वो हो गया. इसलिए उसका पन्ना नहीं है. मेरे रजिस्टर में सिर्फ़ बचा हुआ लिखते हैं."

रफीक चाचा म्हणाले, "साब, यहाँ जितने बैठे हैं, सबका हो ही गया है."

मग लखननं विचारलं. काकांच्याच सुरात, पण उलटं. "किस बात ने नहीं रोका?"

"डर ने," काका म्हणाले. "बड़े साब के डर ने. और कुछ नहीं था." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही माझे डोळे पुसले नाहीत. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, खरं तर भीती वाटली. कारण मी त्यांच्या जागी असते तर सांगितलं नसतं.

लखननं माफ केलं असं काही नाही. तो "अच्छा" म्हणाला, काका म्हणायचे तसंच. पुढच्या मंगळवारी गोल हळूहळू पुन्हा सुरू झाला. महिन्याभरानं कोणीतरी म्हणालं की मागं अमक्यानं आपण कसे थांबलो ते सांगितलं होतं, ते कसं होतं? लिहिलेलं नव्हतं, कोणाला आठवेना. दाराजवळून आवाज आला, "मुझे याद है." लखननं ते शब्दन्शब्द सांगितलं. त्याच्या आधीचंही, आणि त्याच्या आधीचंही. सात महिने तो गप्प बसला होता, पण ऐकत सगळं होता. तेव्हापासून रिवाजच पडला. तास संपताना लखन सगळ्यांचं म्हणून दाखवायचा: कोणाचं काय होता होता राहिलं, कशामुळे राहिलं. जागा नाही, नाव नाही. "आज पाँच बचे," असं म्हणून तो थांबायचा आणि मग सगळे उठायचे. त्याची बसायची जागाही बदलली. तो काकांच्या शेजारी बसू लागला, कारण काकांना डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं. पुढच्या भेटीला आई आली तेव्हा ती दोघं काय बोलली ते आम्ही विचारलं नाही. पण भेटीची वेळ संपली तरी ती भेटीच्या खोलीतल्या जाळीपासून हलेना, असं शिपायानं सांगितलं.

काकांचे गुडघे गेले, मग डोळे अधू झाले, आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन जायला आला. शेवटच्या मंगळवारी ते व्हरांड्यात बूट काढायला इतका वेळ बसले की मी परत बाहेर आले. एक बूट पायात होता, एक हातात. "काय झालं?" म्हटलं. "काही नाही," म्हणाले आणि आत आले.

आत त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "आज मैं बाहर से ही लौट जाने वाला था. बताना पड़ता कि अब नहीं आऊँगा, इसलिए."

"किस बात ने रोका?" तीन-चार जणांनी एकदम विचारलं.

"एक जूता उतर गया था. वापस पहनने के लिए झुकना पड़ता."

सगळे हसले, रफीक चाचा तर डोळे पुसायला लागले. तास संपताना लखननं, त्याची सुटका अजून चार वर्षांवर होती, नेहमीप्रमाणे सगळ्यांचं म्हणून दाखवलं. शेवटी म्हणाला, "और एक साब. लौटने वाले थे, पर एक जूता उतर गया था. आज छह बचे." मग त्यानं वाकून काकांचे बूट त्यांच्या पायांपाशी आणून ठेवले.

परतताना गेटवर नवा शिपाई होता. त्यानं आमचं परवानगीचं जुनं पत्र उघडून सामान मोजलं. "दरी दो, पेन्सिल एक, रजिस्टर एक. रजिस्टर किधर है?" ते पत्र कोणी बदललंच नव्हतं, रोजचा शिपाई विचारत नसे. मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "अंदर है."

"अंदर नहीं छोड़ सकते, बाबूजी. जो सामान आया है वो बाहर जाएगा."

"जाएगा," काका म्हणाले. "अभी चार साल बाक़ी हैं उसके."

शिपाई माझ्या तोंडाकडे बघू लागला. काका हळूहळू पुढं गेले. त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सुटली होती. गेटबाहेर एक जुना लाकडी बाक होता, एका पायाखाली विटेचा तुकडा लावलेला. काका त्याच्यापाशी थांबले, आणि तो न हलवताच त्यावर बसले.